भोकाचं कर्ज

बोअरची गाडी तामिळनाडूची होती. तिरुचेंगोडच्या बाजूच्या अशा गाड्या देशभर फिरत असतात. त्यातली एक २०१२ च्या एप्रिलात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीची चढण धापा टाकत चढून आली. आदल्या आठवड्यात पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो परड्यात फिरला. चिकूपासून आठ पावलांवर नारळ उभा राहिला आणि बाबांनी तिथे चुन्याची फुली मारली. दर ठरला फुटाला ८० रुपये, केसिंगचे वेगळे. पाणी लागो न लागो, पैसे खोलीचे.

पहिले तीस-पस्तीस फूट तांबडी माती आणि जांभा. मग काळा कातळ लागला आणि करड्या धुळीचा लोट उठला. वीस फुटांचा एक रॉड आत गेला की ऑपरेटर गाडीच्या दारावर खडूने एक रेघ ओढायचा. आठव्या रेघेच्या आधी धूळ जराशी ओलसर झाली, तशी आईने लगबगीने देवापुढे साखर ठेवली. नवव्या रेघेला धूळ पुन्हा कोरडी. पंधराव्या रेघेला ऑपरेटरने यंत्र थांबवलं आणि भुवया वर केल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात पैशातलं कळणारा म्हणून मी. बँकेत कर्ज विभागात होतो, मोठमोठ्या वीजप्रकल्पांच्या फायली चाळत होतो. मी म्हटलं, "अजून एक रॉड." आतापर्यंत इतके घातलेत तर वीस फुटांसाठी कशाला थांबायचं, हा त्यामागचा विचार. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो शब्दशः पाहायचा असेल तर बोअरच्या गाडीशेजारी उभं राहावं.

३२० फुटांवर थांबलो. सोळा रेघा. पाणी नाही.

रात्री पडवीत बाबांनी विचारलं, "तुमची बँक बोअरला कर्ज देते ना?"

"देते."

"आणि पाणी नाही लागलं तर?"

"हप्ता भरावाच लागतो."

"मग ते पाण्याचं कर्ज नव्हे रे," बाबा म्हणाले, "ते भोकाचं कर्ज."

माझ्या नोकरीत जोखमीवर किती प्रशिक्षणं झाली, किती तक्ते भरले, त्याला गणती नाही. पण हा शब्द डोक्यात बसला तो तिथेच. पुढे निवृत्तीनंतर भूऔष्णिक विजेबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर होणाऱ्या विजेबद्दल, वाचायला लागलो तेव्हा तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

वाचायला लागलो त्याचं कारण तुरळ. मुंबई-गोवा महामार्गालगत तुरळचे गरम पाण्याचे कुंड आहेत, जवळच राजवाडीचे. लहानपणी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेणं हे आमचं ठरलेलं काम. पाणी साठ अंशांच्या पुढचं, हात घातला की हाय म्हणून बाहेर काढायचा. गंधकाचा वास, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि बाहेर पडलेलं पाणी वाफ सोडत ओढ्याला मिळायचं. पश्चिम किनारपट्टीवर असे झरे ओळीनेच आहेत : वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, उन्हवरे, राजापूर. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी उठून म्हणतं की हे पाणी फुकट वाहून चाललंय, याची वीज का करत नाहीत? माझ्या भाच्याने तर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तसा मजकूरच टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, "मामा, तुमच्या बँका झोपल्यात का?"

बँका झोपलेल्या नव्हत्या. आमच्या टेबलावर अशी फाइल कधी आलीच नाही. भारतात आजवर व्यापारी तत्त्वावर चालणारं एकही भूऔष्णिक वीजकेंद्र उभं राहिलेलं नाही. हिमाचलातल्या मणिकर्णला, जिथे झऱ्याच्या पाण्यात लंगरचा भात शिजतो, तिथे ५ किलोवॅटचं प्रायोगिक यंत्र चालवून पाहिलं होतं. ५ किलोवॅट म्हणजे आज एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर बसतं तेवढं सोलर.

भाच्याला मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं. त्याचा गैरसमज एका शब्दात होता, तो म्हणजे 'फुकट'.

पवनचक्कीच्या फाइलमध्ये वाऱ्याची मोजणी असायची. डोंगरावर एक मनोरा उभारायचा, वर्षभर वारा मोजायचा. खर्च प्रकल्पाच्या मानाने चिल्लर. सोलरला तर तेवढेही कष्ट नाहीत, उन्हाची आकडेवारी उपग्रहांकडून मिळते. जमिनीखालच्या उष्णतेचं तसं नाही. वरून भूगर्भशास्त्रज्ञ खडकांची विद्युतरोधकता मोजतात, पाण्यातल्या सिलिकावरून खोलीवरच्या तापमानाचा अंदाज बांधतात. हे पाणाड्याच्या नारळापेक्षा नक्कीच बरं. पण खाली उष्णता आहे, पाणीही आहे आणि ते पाणी फिरू शकेल इतक्या भेगाही खडकात आहेत, या तिन्ही गोष्टी एका जागी आहेत का, हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही. आणि हे भोक ३२० फुटांचं नव्हे, दोन-तीन किलोमीटरचं. एकेकाला काही दशलक्ष डॉलर लागतात.

पुढचं गणित बँकवाल्याच्या जिवाला लागणारं आहे. कोळशाच्या केंद्रात भट्टी आज बांधतात आणि कोळसा रोज लागेल तसा आणतात. भूऔष्णिक केंद्राचा कोळसा म्हणजे त्या विहिरीच. तीस वर्षांचा कोळसा पहिल्याच दिवशी, तोही बंद गोणीत, उघडून न बघता विकत घ्यायचा. जागतिक बँकेच्या २०१२ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत मेगावॅटमागे साधारण २८ ते ५५ लाख डॉलर खर्च धरला आहे, आणि त्यातला एक तृतीयांश किंवा जास्तच वाटा नुसत्या खोदाईचा. पहिल्या पाहणीपासून वीज तारेत पडेपर्यंत सात वर्षं सहज जातात. सुरुवातीच्या विहिरींना बँक कर्ज देत नाही (मीही दिलं नसतं), तेव्हा तो पैसा भागधारकांचा. असला धोका घेणारा भागधारक वीस टक्क्यांखाली बोलत नाही. वीस टक्के चक्रवाढीने सात वर्षांत रुपयाचे साडेतीन रुपये होतात. म्हणजे पहिल्या विहिरीत घातलेला प्रत्येक रुपया, वीज सुरू होईल त्या दिवशी, साडेतीन रुपये म्हणून दारात उभा राहतो. झऱ्याचं पाणी फुकट असेल, पण त्याची वाट बघणं भलतंच महाग पडतं.

जागतिक बँक गटाच्या आयएफसी या वित्तसंस्थेने २०१३ मध्ये जगभरच्या २,६०० हून जास्त भूऔष्णिक विहिरींचा हिशेब मांडला. सगळ्या मिळून यशाचं प्रमाण ७८ टक्के निघालं. ऐकायला झकास. आमच्या शाखेत ७८ टक्के कर्जं वेळेवर फिटली असती तर मात्र मॅनेजरची बदली झाली असती, हे सोडून देऊ. खरी गोम निराळीच आहे. ते ७८ टक्के येतात उशिराच्या विहिरींमुळे, जेव्हा खाली काय आहे ते कळून चुकलेलं असतं. नव्या क्षेत्रातली पहिली विहीर दोनातून एकदाच लागते. छापा की काटा. आणि पैसा सगळ्यात महाग असतो तो नेमका त्या पहिल्या विहिरीच्या वेळी.

मग ज्यांनी केलं त्यांनी कसं केलं? या प्रश्नामागे लागून मी केनियातल्या ओल्कारियापर्यंत पोचलो.

नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला, रिफ्ट खोऱ्यात, हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला ओल्कारिया आहे. जिराफ चरतायत आणि त्यांच्या मागे वाफेचे पाइप नागमोडी गेलेत, असे फोटो पाहिले असतील तर ते तिथलेच. तिथे पहिल्या दोन विहिरी पाडल्या त्या १९५६ ते ५९ च्या दरम्यान, ब्रिटिशांच्या काळात. कामाची वाफ मिळाली नाही आणि काम गुंडाळलं. आमच्या परड्यातल्यासारखंच. फरक इतकाच की त्यांच्या पहिल्या कोरड्या भोकानंतर कोणाच्या घरचा हप्ता सुरू झाला नाही. दहाएक वर्षांनी, सत्तरच्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पैशातून पुन्हा खोदाई सुरू झाली. या वेळी वाफ लागली. १९८१ मध्ये १५ मेगावॅटचं पहिलं यंत्र फिरलं, १९८५ पर्यंत तिन्ही मिळून ४५ मेगावॅट. पहिल्या भोकापासून पहिल्या युनिटपर्यंत पंचवीस वर्षं! कुठल्या खासगी कंपनीचा संचालक मंडळाच्या बैठकीत इतका धीर धरेल?

आज केनियाच्या विजेतला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा जमिनीखालून येतो. यात खासगी पैसाही आला, पण कधी आला ते पाहण्यासारखं आहे. खाली वाफ आहे हे सरकारी पैशाने सिद्ध झाल्यावर. २००८ मध्ये केनिया सरकारने ही गोष्ट उघड मान्यच केली आणि जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी नावाची सरकारी कंपनी काढली. तिने खोदायचं, कोरड्या भोकांचा तोटा सोसायचा, आणि लागलेली वाफ वीजवाल्यांना विकायची. म्हणजे भोकाचं कर्ज सरकारच्या अंगावर आणि पाण्याचं कर्ज तेवढं बँकांकडे. बाबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, एवढ्यासाठी पन्नास वर्षं लागली?

ओल्कारियातली एक युक्ती मला फार आवडली. मोठं केंद्र बांधायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर खोदून झालेल्या विहिरी झाकण लावून पडून राहतात. विहीर पडून राहिली तरी तिच्यावरचं व्याज काही झोपत नाही. म्हणून केनजेन या तिथल्या वीजकंपनीने विहिरीच्या तोंडाशीच पाच-पाच मेगावॅटची छोटी यंत्रं बसवली. मोठं केंद्र होईपर्यंत हीच कमावणार. घर बांधून पूर्ण व्हायच्या आत खालच्या गाळ्यात दुकान काढून भाडं सुरू करावं, तसं. फाइलमध्ये असं काही दिसलं असतं तर मी शेऱ्यात 'प्रवर्तक व्यवहारी' असं लिहिलं असतं.

पण तिथलंही सगळं गोड नाही. ओल्कारिया ४ या केंद्रासाठी मसाई कुटुंबांना २०१४ मध्ये हलवलं. जमीन, रस्ते, उपजीविका यांवरून तक्रारी झाल्या आणि प्रकरण जागतिक बँकेच्या तपासणी समितीपर्यंत गेलं. आणि मेनेंगाईची गोष्ट तर निराळीच. नाकुरूजवळच्या या ज्वालामुखीत सरकारी कंपनीने २०११ मध्ये खोदाई सुरू केली. वाफ मिळाली. ३५-३५ मेगावॅटची तीन केंद्रं बांधायला तीन खासगी कंपन्या ठरल्या. तरी पहिलं केंद्र सुरू व्हायला २०२३ उजाडलं. खाली वाफ तयार होती, वर कागद तयार नव्हते. वीज घेणारी कंपनी पैसे थकवेल तर काय, सरकार जामीन राहणार का, आणि त्या जामिनाची भाषा काय असेल, यात वर्षं गेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात होतं, पोहराही होता, दोराच्या मंजुरीची फाइल अडकली होती.

या कागदांना मी हसत नाही. गुहागरच्या लोकांना एन्रॉन आठवत असेल. त्या प्रकल्पात जमिनीखालचं काहीच नव्हतं, तरी डॉलरमधल्या कराराने वीज मंडळाचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. इंडोनेशियात हे भूऔष्णिक प्रकल्पांनाच भोवलं. १९९७ च्या आर्थिक संकटात रुपिया कोसळला, वीज मात्र डॉलरच्या दराने घ्यायची ठरलेली. सरकारने प्रकल्प थांबवले. त्यातल्या कराहा बोडास प्रकल्पाच्या लवादाने २००० मध्ये इंडोनेशियाच्या सरकारी कंपन्यांवर २६ कोटी डॉलरच्या आसपास भरपाई बसवली. वीज एक युनिटही न मिळता.

आइसलंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मामा जगप्रवासाला निघाले. क्राफ्ला इथे केंद्र बांधत असतानाच, १९७५ च्या डिसेंबरात, शेजारचा ज्वालामुखी जागा झाला आणि पुढची नऊ वर्षं अधूनमधून जागाच राहिला. खालून आलेल्या वायूंनी विहिरी खराब केल्या. दोन टर्बाइनं विकत घेतलेली, पण दुसरं बसवायला १९९७ उजाडलं. वीस वर्षं पेटीत पडलेल्या टर्बाइनवरचं व्याज काढायचा मोह मी आवरला. तिथून जवळच एका बोअरमधून सप्टेंबर १९७७ मध्ये चक्क लाव्हा बाहेर आला. थोडासाच, पण आला. आमच्या ऑपरेटरने अशा वेळी फुटाला किती लावले असते कोण जाणे.

तरी आइसलंड या बाबतीत श्रीमंत झाला. त्याला कारण जितकं भूगोलात आहे, तितकंच एका साध्या तरतुदीत. साठच्या दशकात तिथे सरकारी ऊर्जा निधी उभा राहिला. गावांनी आणि संस्थांनी त्यातून खोदाईसाठी कर्ज घ्यायचं. पाणी लागलं तर कर्ज फेडायचं. नाही लागलं तर ते अनुदान समजायचं. मी हे वाचलं तेव्हा चहा खाली ठेवला. तीस वर्षं ज्या धंद्यात काढली त्या धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. आमच्याकडे कर्जदाराने 'पाणी लागलं नाही' म्हटलं की पुढचं वाक्य 'तारण काय दिलंय?' हे. पण देशाच्या वहीत बघितलं तर हिशेब सरळ आहे. दहा भोकांतली चार वाया गेली तरी सहा गावांचं तेलाचं बिल कायमचं गेलं. एका शेतकऱ्याला किंवा एका कंपनीला दहा भोकं पाडता येत नाहीत, म्हणून त्याचा छापा-काटा हा जुगार ठरतो.

आणि पाणी लागलं म्हणजे संपलं असंही नाही. कॅलिफोर्नियातलं 'द गीझर्स' हे जगातलं सगळ्यात मोठं भूऔष्णिक क्षेत्र. १९६० मध्ये ११ मेगावॅटने सुरुवात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला २,००० मेगावॅटच्या घरात. एकाच वाफेच्या साठ्यावर अनेक कंपन्या बसल्या. प्रत्येकीला वाटलं मी कमी ओढली तर शेजारीण ओढेल. मग दाब उतरला, यंत्रं ओस पडायला लागली. नगर किंवा सोलापूरच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याने शेजाऱ्याचं सहाशे फुटी बोअर पाहून आपलं आठशेला नेलेलं असतं. गीझर्सला शेवटी उपाय सापडला तो गमतीचा. आजूबाजूच्या गावांचं सांडपाणी प्रक्रिया करून पाइपाने आणायचं आणि जमिनीत सोडायचं. सांता रोझा शहराचं सांडपाणी २००३ पासून डोंगर चढून तिथे जातं आणि वाफ होऊन वर येतं.

आपल्याकडचा खरा उमेदवार तुरळ नव्हे, लडाखमधलं पुगा. समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तिथले झरे जवळपास तेवढेच गरम आहेत, म्हणजे जमिनीतून उकळतच बाहेर पडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सत्तरच्या दशकात तिथे भोकं पाडली होती, पण ती उथळ, ३८५ मीटरच्या आतली. त्यानंतर पन्नास वर्षं सेमिनार. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनाशी १ मेगावॅटच्या प्रायोगिक केंद्राचा करार केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खोदताना भोकातून जोरात पाणी-वाफ उसळली, ते पुगाच्या ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. वर्तमानपत्रांत ती बातमी अपघाताची म्हणून आली. मला ती वेगळ्याच अर्थाने लक्षात राहिली, की निदान खाली दाब आहे! कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाचं मन असं वाकडं चालतं.

अशा ठिकाणी १ मेगावॅट महागच पडणार, आणि त्याची तुलना लगेच सोलरशी होणार. गुजरातच्या लिलावात डिसेंबर २०२० मध्ये सोलरचा दर १ रुपया ९९ पैशांवर आला होता. त्या आकड्यापुढे जमिनीतली कुठलीही वीज हरते. पण तो दर दुपारच्या विजेचा. पुगात जानेवारीच्या रात्री तापमान शून्याच्या कितीतरी खाली असतं आणि सैन्याच्या छावण्यांत डिझेल जळत असतं. त्या डिझेलचा दर, ट्रकभाड्यासकट, समोर ठेवून मग तुलना करावी. शासनाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आहे. मी जुन्या सवयीने त्यात एकच गोष्ट शोधतो : कोरड्या विहिरीचे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार.

भाच्याला एवढं सगळं पाठवलं. त्याचा अंगठा आला.

परड्यातलं ते भोक अजून आहे. बाबांनी त्यावर जात्याची फुटकी तळी ठेवली होती, ती मी हलवलेली नाही. दुसरं बोअर झालं ते २०१४ मध्ये, पण आमचं एकट्याचं नव्हे. वाडीतल्या पाच घरांनी वर्गणी काढली. कोणाच्याही जागेत लागलं तरी पाणी पाचांचं, आणि नाही लागलं तर तोटाही पाचांचा. बाबांनी ते वहीच्या पानावर लिहून पाचही जणांच्या सह्या घेतल्या. पहिलं भोक तात्यांच्या काजूखाली पाडलं, कोरडं गेलं. दुसरं खालच्या आळीत १८० फुटांवर लागलं. दोन इंची पाणी. तेव्हापासून दिवसाआड पाळीने येतं.

पाचातल्या एका घराने मात्र तात्यांच्या काजूखालच्या भोकाची वर्गणी अजून दिलेली नाही. त्यांचं म्हणणं, त्या भोकाचं पाणी आम्ही प्यायलो कुठे? दरवर्षी गणपतीत हा विषय निघतो, आवाज चढतात, मग आरतीची वेळ होते. बाबांची ती वही आता माझ्याकडे आहे, आणि येणे बाकी दर वर्षी मीच पुढच्या पानावर ओढतो.